ब्रेक्झिटनंतरचे ब्रिटिश फुटबॉल : सीमा नेमकी कुणाला अडवते?

लिफीकाठ

ब्रेक्झिटमुळे ब्रिटिश फुटबॉलचे काय झाले यावर बरेच लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक लेखन प्रीमियर लीगच्या वीस क्लबांभोवतीच फिरते. २०१६च्या सार्वमताआधी हे वीसही क्लब युरोपीय संघात राहावे या मताचे होते, कारण युरोपातून खेळाडू आणणे अवघड होईल अशी त्यांना धास्ती वाटत होती. प्रत्यक्षात १ जानेवारी २०२१ रोजी नवे नियम लागू झाले आणि या क्लबांचे फारसे काही अडले नाही. ज्यांचे अडले त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मी डब्लिनमध्ये राहतो. इथल्या मुलांसाठी इंग्लंडचा क्लब ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाट होती. पुढे नामांकित झालेला आयरिश खेळाडू लियम ब्रॅडी पंधराव्या वर्षी आर्सेनलला गेला आणि त्याच्यामागून असंख्य मुले गेली. अठरा वर्षांखालील खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात जाता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. युरोपीय संघाच्या आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आत सोळा वर्षांपासून जाण्याची सूट आहे. ब्रिटन बाहेर पडले आणि ही सूट त्याच्यापुरती संपली. आयरिश नागरिकाला ब्रिटनमध्ये राहायला आणि नोकरी करायला आजही कोणताही परवाना लागत नाही, तरीही सोळा वर्षांचा आयरिश मुलगा इंग्लंडच्या क्लबात नाव नोंदवू शकत नाही. तोच मुलगा इटलीत जाऊ शकतो, आणि काही मुले तशी गेलीही आहेत.

दुसरी गोष्ट अगदी घरातली आहे. इंग्लंडमधल्या एका क्लबाच्या दुकानातून दोन मोठ्यांचे शर्ट आणि मुलीसाठी एक संच मागवला. मूल्य दीडशे युरोच्या वर गेल्यामुळे कपड्यांवरचे बारा टक्के आयात शुल्क लागले, मोठ्यांच्या शर्टांवर तेवीस टक्के मूल्यवर्धित कर लागला आणि पार्सल आणणाऱ्याने आपली हाताळणी फी निराळी घेतली. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात शुल्कमुक्त व्यापाराचा करार आहे असे आपण ऐकतो. शर्टाच्या आतली पट्टी उलटून पाहिली तेव्हा तिथे थायलंडचे नाव होते. करारातली सूट ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालाला आहे. थायलंडहून ब्रिटनमध्ये येऊन पुढे आयर्लंडला निघालेल्या मालाला ती मिळत नाही.

तेव्हा माझा प्रश्न असा की, तुमच्या अनुभवात ही सीमा कुणाला अडवते आणि कुणाला सहज पार होऊ देते?

मधलीफळी

धागा चांगला आहे, पण मुलांच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर आणि शाळा सोडून गेलेल्या आयरिश मुलांपैकी फार थोडी ब्रॅडी झाली; बाकीची दोन-तीन वर्षांनी करारही नाही आणि शिक्षणही नाही अशा अवस्थेत परत आली. आता ती अठरापर्यंत घरी राहतात, शाळा पूर्ण करतात आणि आयर्लंडच्याच लीगमध्ये मोठ्या माणसांबरोबर खेळतात. शेमस कोलमन स्लायगो रोव्हर्स या आयरिश क्लबाकडून एव्हर्टनला गेला तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आणि अवघ्या साठ हजार पौंडांत गेलेला हा खेळाडू पुढे एव्हर्टनचा आणि आयर्लंडचा कर्णधार झाला. उशिरा जाणे म्हणजे संधी जाणे नव्हे. ब्रेक्झिटच्या ज्या थोड्या परिणामांना मी चांगले म्हणेन, त्यांपैकी हा एक आहे.

शर्टावरचे शुल्क हा मात्र सीमाशुल्काचा विषय आहे. तो फुटबॉलमध्ये आणण्याचे कारण मला दिसत नाही.

बेलफास्टवासी

मधलीफळी, इथे बेलफास्टमध्ये, म्हणजे ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये राहिलात तर हे दोन विषय वेगळे करता येणार नाहीत.

ग्लासगोच्या सेल्टिक किंवा रेंजर्स क्लबाच्या सामन्याच्या दिवशी पहाटे बेलफास्ट बंदरावर या. पाठीराख्यांच्या बस स्कॉटलंडमधल्या केर्नरायनच्या बोटीसाठी रांगेत असतात, हिरवे स्कार्फ एका बाजूला आणि निळे दुसऱ्या. समोरून बोटीतून मालाचे ट्रक उतरतात. माणसांना या समुद्रावर सीमा नाही, मालाला आहे. आयर्लंडच्या जमिनीवर सीमा पुन्हा उभी राहू नये म्हणून उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपीय नियमांत राहिले, आणि तपासणी ग्रेट ब्रिटनहून येणाऱ्या बोटींवर गेली. लोक तिला आयरिश समुद्रातली सीमा म्हणतात. फेब्रुवारी २०२३मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात यावर विंडसर आराखडा झाला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून इथेच विकल्या जाणाऱ्या मालासाठी हिरवी मार्गिका व पुढे आयर्लंडला जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल मार्गिका सुरू झाली. दुकानात दुधाच्या आणि मांसाच्या पुड्यांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असा शिक्का दिसतो.

याच सीमेच्या निषेधार्थ डीयूपी हा ब्रिटनवादी पक्ष फेब्रुवारी २०२२मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारमधून बाहेर पडला. इथे ब्रिटनवादी आणि आयर्लंडवादी अशा दोन्ही समाजांचे पक्ष एकत्र असल्याशिवाय सरकार चालत नाही, त्यामुळे फेब्रुवारी २०२४पर्यंत स्टॉरमाँटचा, म्हणजे इथल्या विधिमंडळाचा आणि सरकारचा, कारभार ठप्प होता. रुग्णालयांचे, शिक्षकांच्या पगाराचे निर्णय रखडले, आणि मैदानांचेही रखडले. फुटबॉलशी संबंध काय म्हणाल तर तो इथे आहे.

आता शर्टाबद्दल. डिसेंबर २०२४पासून युरोपचा वस्तुसुरक्षेचा नवा नियम उत्तर आयर्लंडलाही लागू आहे. विक्रेत्याचा एक जबाबदार प्रतिनिधी युरोपीय संघात किंवा उत्तर आयर्लंडमध्ये असला पाहिजे, असे तो नियम सांगतो. मोठ्या क्लबाला हे सहज जमते. जुने सामनापत्रक, बिल्ले, स्कार्फ विकणारा इंग्लंडमधला एकटा माणूस ते कसे करणार? अशा काही विक्रेत्यांनी बेलफास्टला पार्सल पाठवणेच बंद केले. आम्ही त्याच देशाचे नागरिक आहोत, हे लक्षात घ्या.

लिफीकाठ

बेलफास्टवासी, तुमच्याकडून डेरी सिटीबद्दल ऐकायचे होते.

बेलफास्टवासी

त्यावर लिहायचे तर मनापासूनच लिहावे लागेल.

डेरी शहर ब्रिटनमध्ये आहे, पण डेरी सिटी हा क्लब आयर्लंड प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये खेळतो. १९७०च्या आसपासच्या हिंसाचारात ब्रँडीवेल मैदानावर पाहुण्या संघाची बस जाळली गेली, सुरक्षेच्या कारणावरून तिथले सामने बंद झाले, क्लबाला घरचे सामने कोलरेनला जाऊन खेळावे लागले आणि १९७२मध्ये त्याने उत्तरेची लीग सोडली. तेरा वर्षे शहरात वरिष्ठ फुटबॉल नव्हते. १९८५मध्ये सीमेपलीकडच्या लीगने त्यांना घेतले आणि १९८९मध्ये त्यांनी लीग, एफएआय कप आणि लीग कप असे तीनही चषक एका हंगामात जिंकले. क्लबाचे निम्मे सामने परदेशात आणि पाठीराख्यांपैकी कित्येक जण सीमेपलीकडच्या डोनेगलचे, म्हणजे तेही परदेशी. पण डेरीत असे कुणी बोलत नाही. डेरीच्या फॉइल मतदारसंघाने सार्वमतात ७८ टक्के मते युरोपात राहण्यासाठी दिली, यात नवल नाही. जमिनीवर नाका उभा राहिला असता तर शुक्रवारच्या रात्रीच्या सामन्याला डोनेगलहून येणारी प्रत्येक गाडी त्या नाक्यावरून आली असती.

लिफीकाठ, तुम्ही स्वतः तो सामना बघायला कधी आलात का?

लिफीकाठ

इच्छा आहे, पण ते माझ्यासाठी सोपे नाही. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि आयर्लंडचा निवास परवाना आहे. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यातली मुक्त ये-जा त्या दोन देशांच्या नागरिकांसाठी आहे. रस्त्यावर कुणी थांबवत नाही हे खरे असले तरी मला डेरीला पाऊल ठेवायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. डब्लिनमधल्या अनेक मराठी कुटुंबांना हे ठाऊक नसते आणि ती सुटीत बेलफास्टला जाऊन येतात. त्यांनी हा धागा वाचला तर कृपया याची नोंद घ्यावी. नाका नाही म्हणजे सीमा नाही असे नाही, आणि पकडले गेल्यास पुढच्या व्हिसांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

ऑफसाईड

नियमांवर थोडे लिहितो, कारण चर्चेत दोन गोष्टी एकमेकांत मिसळत आहेत.

अठरा वर्षांखालील मुलांचा नियम फिफाचा आहे. तो ब्रिटिश सरकार बदलू शकत नाही. त्यात एक सूट अशी की, एकाच देशातल्या दोन संघटनांमध्ये सोळाव्या वर्षानंतर बदली चालते. त्यामुळे न्यूरीचा सोळा वर्षांचा मुलगा मँचेस्टरला जाऊ शकतो, आणि तिथून वीसेक किलोमीटरवर असलेल्या डंडॉकचा मुलगा जाऊ शकत नाही. दुसरी सूट सीमेवरच्या मुलांसाठी आहे. घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आत असतील आणि मुलगा घरीच राहणार असेल तर तो पलीकडच्या क्लबात खेळू शकतो.

अठरानंतरचा नियम ब्रिटनचा आहे. परदेशी खेळाडूला फुटबॉल संघटनेची शिफारस लागते आणि ती गुणांवर मिळते. पंधरा गुण हवेत. राष्ट्रीय संघातून किती सामने खेळला, त्याची लीग किती वरच्या दर्जाची, त्यात किती मिनिटे खेळला, युरोपीय स्पर्धांत खेळला का, यांवर गुण ठरतात. फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत नियमित खेळणारा सहज पार होतो. दुसऱ्या श्रेणीतला, अजून कुणाला माहीत नसलेला खेळाडू अडकतो. लेस्टरने जानेवारी २०१४मध्ये रियाद महरेझला ल हाव्र या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबातून किरकोळ किमतीत आणले आणि मे २०१६मध्ये, सार्वमताच्या आदल्या महिन्यात, ते इंग्लंडचे विजेते झाले. आजच्या गुणपद्धतीत तशी खरेदी फार कठीण झाली असती.

आता मोठ्या क्लबांचे का अडले नाही ते पाहा. ब्रायटनने २०२१मध्ये जपानचा मितोमा घेतला, पण त्याला परवाना मिळण्याइतके गुण नव्हते. ब्रायटनच्या मालकाची बेल्जियमच्या युनियन सँ-जिल्वाजमध्येही गुंतवणूक होती, म्हणून मितोमा एक वर्ष तिथे खेळला, पात्र झाला आणि मग इंग्लंडला आला. ज्याच्याकडे सीमेपलीकडे दुसरे घर आहे त्याला सीमा म्हणजे एका वर्षाची वाट. चेल्सीच्या मालकांनी २०२३मध्ये फ्रान्सचा स्ट्रासबुर्ग घेतला. युरोपीय खेळाडूची खास सवलत गेल्यामुळे दक्षिण अमेरिकेचा खेळाडू त्याच्या बरोबरीला आला, त्याचाही फायदा झाला. ब्रायटनने इक्वेडोरहून मोइसेस काइसेदोला सुमारे साडेचार दशलक्ष पौंडांत आणले आणि २०२३मध्ये चेल्सीला विकले तेव्हा सौदा एकशे पंधरा दशलक्षांपर्यंत जाणारा होता.

२०२३मध्ये नियम सैल झाले. वरच्या दोन श्रेणींच्या क्लबांना गुण न भरणाऱ्या चार खेळाडूंपर्यंत जागा मिळू शकतात, खालच्या दोन श्रेणींना दोन. जागा आहेत, पण इक्वेडोरला माणूस पाठवून मुले शोधण्याचा खर्च खालच्या श्रेणीचा क्लब कुठून करणार?

टायनवेअर

मी सुंदरलँडजवळ राहतो आणि मला या चर्चेत एका बाजूचा आवाज कमी पडतो आहे असे वाटते. सार्वमताच्या रात्री अगदी सुरुवातीला जाहीर झालेल्या निकालांत सुंदरलँडचा निकाल होता आणि इथल्या ६१ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले होते. तेव्हापासून इथल्या लोकांना अडाणी ठरवण्याची चढाओढ लागली आहे. जहाजबांधणी गेली, खाणी गेल्या, आणि चाळीस वर्षे लंडनमध्ये कुणी विचारले नाही. खाण जिथे होती तिथेच १९९७मध्ये स्टेडियम ऑफ लाइट उभे राहिले. हा राग मतपेटीत गेला, आणि तो राग खोटा नव्हता.

त्याच शहरात १९८६पासून निस्सानचा कारखाना आहे आणि त्याच्या गाड्या मोठ्या प्रमाणावर युरोपात जातात. विजेच्या गाडीतली बॅटरी आशियातून येत असेल तर ती गाडी ब्रिटिश मानायची की नाही, हाच लिफीकाठांच्या शर्टाचा प्रश्न तिथे दहा टक्के शुल्काच्या रूपात उभा होता. जानेवारी २०२४पासून कडक होणारा नियम शेवटच्या क्षणी तीन वर्षे पुढे ढकलला गेला. कारखान्यात काम करणारा आणि शनिवारी मैदानावर येणारा माणूस एकच आहे, म्हणून मधलीफळी, सीमाशुल्क आणि फुटबॉल वेगळे काढता येत नाहीत असे मलाही वाटते.

२०२५मध्ये सुंदरलँड प्रीमियर लीगमध्ये परतले तेव्हा प्रशिक्षक रेजिस ल ब्री हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले होते. त्यानंतर स्ट्रासबुर्गहून हबीब दियारासारखे खेळाडू मोठ्या किमतीत आले. वेंब्लीवर शेफील्ड युनायटेडला दोन-एकने हरवले त्या दिवशी ल ब्री यांचे नाव घेऊन गाणाऱ्यांत बाहेर पडण्यासाठी मत दिलेले हजारो लोक असणार. यात मला विसंगती दिसत नाही. त्यांचे मत फ्रेंच माणसाविरुद्ध नव्हते.

उत्तरसागर

स्कॉटलंडच्या ॲबर्डीनहून लिहितो आहे. सीमा कुणाला अडवते या प्रश्नाचे आमच्याकडचे उत्तर मासळी असे आहे.

पीटरहेड हे पांढऱ्या माशांचे मोठे बंदर. तिथले बरेच मच्छीमार ब्रेक्झिटच्या बाजूचे होते, कारण आपल्या समुद्रातला मासा आपल्याला मिळेल असे त्यांना सांगितले होते. जानेवारी २०२१मध्ये प्रत्यक्षात असे झाले की, युरोपला जाणाऱ्या प्रत्येक मालाबरोबर आरोग्य प्रमाणपत्र आणि सीमाशुल्काची कागदपत्रे आली. एका ट्रकमध्ये दहा लहान व्यापाऱ्यांचा माल असेल आणि एकाच्या कागदात चूक असेल तर दहाही जणांचा माल थांबायचा. जिवंत झिंगे आणि शेवंडे थांबत नाहीत, मरतात. काही बोटी मासळी विकायला थेट डेन्मार्कला गेल्या. १८ जानेवारीला मासळीचे ट्रक लंडनला व्हाइटहॉलमध्ये जाऊन उभे राहिले. मोठ्या कंपन्यांनी कागदपत्रांसाठी माणसे नेमली, आणि दोन पेट्या पाठवणाऱ्याचा धंदा बसला.

पीटरहेडचा क्लब स्कॉटलंडच्या खालच्या श्रेणीत खेळतो, खेळाडू अर्धवेळ आहेत. असे क्लब गावातल्या धंद्यांच्या जाहिरातींवर चालतात. बंदराचा जानेवारी वाईट गेला की क्लबाच्या खजिनदाराचा फेब्रुवारी वाईट जातो. मे २०२५मध्ये लंडनच्या शिखर बैठकीत खाद्यपदार्थांच्या तपासण्या कमी करण्याचा करार करण्याचे ठरले आणि त्याच वेळी युरोपच्या बोटींना ब्रिटिश समुद्रात २०३८पर्यंत मुभा दिली गेली. इथल्या मच्छीमारांना हा दुसऱ्यांदा झालेला विश्वासघात वाटतो आणि ते मला पूर्ण समजते.

राजकारणाचा आणखी एक धागा. स्कॉटलंडने ६२ टक्के मते राहण्यासाठी दिली होती. उद्या स्कॉटलंड स्वतंत्र होऊन युरोपात परतले तर ट्वीड नदीच्या मुखाशी असलेल्या बेरिक रेंजर्सचे काय होईल? गाव इंग्लंडचे, क्लब स्कॉटलंडच्या लीगचा. बेलफास्टवासींनी डेरीबद्दल लिहिले ते सगळे तिथे नव्याने सोडवावे लागेल.

मडगावकर

नमस्कार. मी इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहतो. या धाग्यात गोव्याचा विषय येईल असे वाटले नव्हते, पण तो आहे.

१९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर तो पासपोर्ट घेऊन आमचे लोक इथे आले, गोदामांत आणि कारखान्यांत कामाला लागले. स्विंडनमध्ये आज हजारो गोंयकार आहेत. आल्या आल्या दोन गोष्टी शोधल्या जातात, चर्च आणि फुटबॉलचे मैदान. आमच्या रविवारच्या संघात पूर्वी दर उन्हाळ्यात सासष्टीहून कुणाचा ना कुणाचा भाचा यायचा. ३० जून २०२१ ही आधीपासून राहणाऱ्यांनी अर्ज करण्याची मुदत होती. आता नव्याने येणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टवर इथे राहून काम करण्याचा हक्क मिळत नाही. भाचे यायचे थांबले. संघातली मुले आता पस्तिशीच्या पुढची आहेत आणि विंगवर पळायला कुणी नाही.

होंडाचा कारखानाही जुलै २०२१मध्ये बंद झाला. कंपनीने त्याचे कारण ब्रेक्झिट नाही, जगभरातला बदल आहे असे सांगितले होते, म्हणून मी ते या खात्यात टाकत नाही. पण त्याच वर्षी स्विंडन टाउन चौथ्या श्रेणीत घसरले, आणि ते वर्ष या गावाला जड गेले एवढे नक्की.

शनिवारपेठ

मडगावकरांनी गोवा आणला, तर मी पुणे आणतो. पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१०मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स सुमारे तेवीस दशलक्ष पौंडांना घेतला. १९९५चा प्रीमियर लीग विजेता क्लब आपल्या गावच्या उद्योगाकडे आला याचा मला तेव्हा मनापासून आनंद झाला होता. २०१२मध्ये तो वरच्या श्रेणीतून घसरला आणि २०१७मध्ये आणखी खाली गेला. पाठीराख्यांच्या रागाची कारणे अनेक आहेत, पण मालकांनी वर्षानुवर्षे तोटा भरून काढला हेही खरे आहे.

इथे सीमा उलट दिशेने आली. भारतातल्या परकी चलन कायद्याखालच्या चौकशीमुळे पुण्याहून ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. खेळाडूंच्या खरेदीच्या मुदती इंग्लंडच्या दिनदर्शिकेने चालतात आणि सुनावणीच्या तारखा दिल्लीच्या. अशा वातावरणात फेब्रुवारी २०२४मध्ये ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, सहाव्या वर्षापासून क्लबात वाढलेला हा मुलगा काही महिन्यांत इंग्लंडच्या युरो संघात होता. विक्रीची इतरही कारणे असू शकतील. पण लँकेशायरच्या गिरणगावातला पाठीराखा दिल्लीच्या न्यायालयातली तारीख शोधत बसलेला मी पाहिला आहे, आणि त्याला ती कळवणाऱ्यांत मीही होतो.

ऑफसाईड

शनिवारपेठ, हा मुद्दा राष्ट्रीय राजकारणाशी थेट जोडलेला आहे. मार्च २०२२मध्ये चेल्सीचे तेव्हाचे मालक, रशियाचे अब्रामोविच, यांच्यावर निर्बंध आले तेव्हा चेल्सीला सामने खेळण्यासाठी सरकारचा खास परवाना घ्यावा लागला, क्लबाचे दुकान त्याच दिवशी बंद झाले आणि नव्या तिकिटांची विक्री थांबली. क्लब विकून आलेले अडीच अब्ज पौंड पुढे कित्येक वर्षे गोठलेल्या खात्यात पडून राहिले. त्याच्या काहीच महिने आधी, ऑक्टोबर २०२१मध्ये, न्यूकासल सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने घेतला होता.

नंतर स्वतंत्र फुटबॉल नियामकाचे विधेयक आले. २०२४च्या पहिल्या मसुद्यात मालकाची योग्यता तपासताना सरकारचे व्यापार आणि परराष्ट्र धोरण लक्षात घ्यावे असे कलम होते. युरोपीय फुटबॉलची संघटना युएफाने सरकारी हस्तक्षेपाबद्दल इशारा दिला, आणि नव्या सरकारने मांडलेल्या विधेयकातून ते कलम काढले गेले. जुलै २०२५मध्ये कायदा झाला. माझ्या मते ते कलम काढले हे योग्यच झाले. नाहीतर कोणत्या देशाचा पैसा चांगला हे त्या वर्षीच्या व्यापार करारावर ठरले असते.

मधलीफळी

सगळ्यांचे वाचले. टायनवेअर आणि उत्तरसागर यांनी धंदा आणि क्लब यांचे नाते दाखवले ते मला पटते. पण मूळ प्रश्नावर माझे मत तेच आहे. अठराच्या आतल्या मुलांना घरी ठेवणारी ही सीमा काढायला मी सांगणार नाही. शर्टाचे शुल्क काढा, मासळीचे कागद कमी करा, मुलांना मात्र शाळेत राहू द्या.

लिफीकाठ

त्यावर माझा आक्षेप एवढाच की, नियमाने मुले घरी राहत नाहीत, फक्त दिशा बदलते. चांगला खेळणारा सोळा वर्षांचा मुलगा लिव्हरपूलऐवजी इटलीला जातो, जिथली भाषा त्याला येत नाही आणि जिथून शनिवारच्या बोटीने आई भेटायला येऊ शकत नाही. शिवाय आयर्लंडच्या क्लबांच्या अकादमींकडे इंग्लंडच्या तुलनेत पूर्णवेळ प्रशिक्षक फार थोडे आहेत. मुलाला घरी ठेवायचे तर घरी काहीतरी असले पाहिजे, आणि तो पैसा कुठल्याही सरकारने अजून पुरेसा दिलेला नाही.

कॉर्कवासी

मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, कॉर्कमध्ये खेळतो, जन्म इथलाच. इंग्लंडच्या एका क्लबाचा माणूस दोनदा सामना पाहून गेला. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत आणि मुलाचाही सध्या भारतीयच आहे. आम्ही नेमके काय करावे?

ऑफसाईड

कॉर्कवासी, अभिनंदन. आधी पासपोर्टचे पाहा, क्लबाचे नंतर.

आयर्लंडमध्ये १ जानेवारी २००५नंतर जन्मलेल्या मुलाला केवळ जन्माने नागरिकत्व मिळत नाही. पण जन्माच्या आधीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षे आई किंवा वडील इथे कायदेशीर आणि हिशेबात धरल्या जाणाऱ्या परवान्यावर राहत असतील तर मूल आयरिशच असते, फक्त पासपोर्ट काढायचा राहिलेला असतो. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे त्यात धरत नाहीत. तुमचे जुने परवाने काढून तारखा जुळवा. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे पुढचे पाऊल वकिलाला विचारूनच टाका.

मुलगा आयरिश ठरला तर अठराव्या वर्षी तो ब्रिटनमध्ये गुणांविना खेळू शकेल, आणि सोळाव्या वर्षी युरोपात जायचा मार्गही त्याला खुला असेल. भारतीय पासपोर्टवर अठराव्या वर्षी पंधरा गुण लागतील, आणि भारताची जागतिक क्रमवारी पाहता राष्ट्रीय संघाच्या सामन्यांतून ते मिळणे जवळजवळ अशक्य आहे. तोवर शाळा आणि राष्ट्रीय सतरा वर्षांखालील लीग, दोन्ही सुरू ठेवा.

मधलीफळी

आणि तो माणूस तिसऱ्यांदा आला तर क्लबाकडून लेखी ओळख मागा. दलालाच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.

कॉर्कवासी

आभारी आहे. २००७ पासूनचे सगळे परवाने कपाटात आहेत, उद्या सकाळी काढते.